अवयव, अवयवी आणि लाकडाचे कडे

लाकडाचे बारा तुकडे सरसाने जोडून केलेले कडे ही एक नवी वस्तू आहे की बारा वस्तूंचा नुसता समूह? नैयायिकांच्या मते अवयवांपासून उपजणारा अवयवी हे स्वतंत्र द्रव्य होय. बौद्धांच्या मते ते केवळ व्यवहारातले नाव. ‘मिलिंदपञ्ह’मधील रथाचा दृष्टान्त त्यासाठीच आहे. एक भाग ओढला की सारी वस्तू ओढली जाते, असा युक्तिवाद न्यायसूत्रांत अवयवीच्या बाजूने येतो. भाष्यकार वात्स्यायन मात्र त्यालाच हरकत घेतो: लाखेने चिकटवलेले गवत, दगड, लाकूडही एकत्र ओढले जाते, पण तेथे नवे द्रव्य उपजत नाही. स्वपक्षाचा सोयीचा पुरावा नाकारण्याचा हा प्रामाणिकपणा मोलाचा आहे. पकड म्हणजे एकत्व नव्हे.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे दैत्यसूदन मंदिर येथे विचारात घेण्याजोगे आहे. त्याचा तलविन्यास ताराकृती आहे. हा तारा मंदिराच्या कोणत्याही एका दगडात सापडत नाही. तो दगडांच्या परस्पर कोनांत आहे.

कड्याचेही तसेच. बारा तुकड्यांच्या प्रत्येक टोकाला 15 अंशांचा काप लागतो, म्हणजे एकूण 24 काप. टेबल सॉच्या स्लेडवर, म्हणजे लाकूड टेकवून पात्याकडे सरकवण्याच्या पाटावर, एकच आडपट्टी असेल आणि ती 0.1 अंशाने चुकली, तर चूक साठत 2.4 अंशांवर जाते. 150 मिलिमीटर त्रिज्येच्या कड्यात शेवटच्या सांध्याशी सहा मिलिमीटरहून मोठी फट पडते. म्हणून चांगल्या स्लेडवर दोन पट्ट्या असतात. त्यांच्यामध्ये 30 अंशांची पाचर धरून त्या पक्क्या करतात आणि लाकूड आळीपाळीने दोन्हींवर टेकवून कापतात. मग एक काप 15.3 आणि दुसरा 14.7 अंशांचा झाला तरी तुकड्याचा कोन 30 अंशच राहतो आणि वर्तुळ मिटते. कडा किंचित पुढेमागे होतात. त्या लेथवर निघून जातात.

येथे बौद्धांचा पक्ष अपुरा वाटतो. नाव चुकले तर लाकडात फट पडत नाही. रचना चुकली की पडते. वैशेषिकांची कारणमीमांसा याला अधिक न्याय देते: तुकडे हे समवायिकारण, त्यांचा संयोग हे असमवायिकारण, आणि सुतार व त्याची स्लेड ही निमित्तकारणे. निमित्त कार्यात उरत नाही. पट्ट्यांमधला कोन मात्र संयोगाचे रूप ठरवून जातो.

एक अडचण उरते. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि एखादा सांधा सुटतो. कडे अवयवी मानले, तर न्याय-वैशेषिक मताने त्या क्षणी जुना अवयवी नष्ट होऊन उरलेल्या तुकड्यांचा खंडावयवी उपजतो. सुटलेला सांधा पुन्हा चिकटवला, तर त्याच मताने तेही आणखी एक नवे कडे ठरते, जरी सुतार त्याला दुरुस्तीच म्हणेल.