सांगितलेलं काम आणि सोपवलेलं काम

जून 2025 मध्ये राज्याच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी पहिलीपासून प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याची घोषणा केली. त्यासाठी माजी सैनिकांबरोबरच क्रीडाशिक्षक, एनसीसी आणि स्काऊट-गाईड यांचीही मदत घेण्याचं ठरलं. वाद झाला तो सहा वर्षांच्या मुलाला कवायत झेपेल का आणि देशप्रेम असं शिकवता येतं का, यावर. स्काऊटमास्तर त्या यादीत कसा गेला, हा प्रश्न माझ्या तरी वाचनात आला नाही. शिस्त लावणं हेच त्याचं काम, हे दोन्ही बाजूंनी धरूनच चाललं होतं. माझं भांडण आहे ते या गृहीताशी.

स्काऊटिंगबद्दलच्या बाकीच्या मतांत फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. ही इंग्रजांची उसनवारी आहे, या आक्षेपाला 1918 मध्येच उत्तर मिळालं. पंडित मालवीय आणि भारत सेवक समाजाचे हृदयनाथ कुंझरू यांनी तेव्हा सेवा समितीची देशी स्काऊट संघटना उभी केली. पुढे 1950 मध्ये भारत स्काऊट्स आणि गाईड्स स्थापन झाली. दहावीच्या सवलतीच्या गुणांपुरता स्कार्फ बांधणाऱ्यांशी वाद घालण्यात तर अर्थच नाही.

शिस्तवाल्यांचं मात्र ऐकून घ्यावं लागतं, कारण ते कळवळ्यानं बोलतात. धर्माबादसारख्या गावात आईवडील मिरचीच्या हंगामात दिवसभर बाजारात अडकलेले, पोरं मोबाईलमध्ये. त्यांना कुणीतरी रांगेत उभं करावं असं वाटणं गैर नाही. वर ते विचारतात, स्काऊट चळवळीचा जनक बेडन-पॉवेल स्वतः लष्करातलाच ना? होता. पण त्यानं लष्करातून काय उचललं ते पाहावं. 1899 मध्ये त्याचं सैनिकांसाठी पुस्तक आलं ते टेहळणीवर, कवायतीवर नव्हे. टेहळ्या म्हणजे अधिकाऱ्याचा हुकूम ऐकू येणार नाही इतक्या लांब गेलेला माणूस. तिथं त्याला स्वतः बघायचं, ठरवायचं आणि परत येऊन खरं सांगायचं असतं. रांगेत उत्तम चालणारा शिपाई या कामात कुचकामी ठरू शकतो. 1907 मध्ये ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेलनं मुलांच्या छोट्या तुकड्या केल्या आणि प्रत्येकीवर त्यांच्यातलाच एक नायक नेमला, तो याच अनुभवातून. छोट्या तुकड्यांची ही संघपद्धती चळवळीची एक शाखा नव्हे, तीच चळवळ आहे. तिच्यात स्काऊटमास्तर मुलांचा अधिकारी नसतो. त्यांचा मोठा भाऊ असतो.

धर्माबादहून गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याची सहल घ्या. एक मास्तर मुलांना टेंपोत बसवतो, बंधाऱ्यावर रांग लावतो, माहिती सांगतो, फोटो काढतो आणि परत आणतो. शिस्त चोख. दुसरा चार दिवस आधी संघनायकांना बोलावतो आणि म्हणतो, बंधाऱ्याची दारं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडी ठेवावी लागतात, ती का, हे विचारून यायचं. वाट, शिदोरी, वेळ तुम्ही ठरवा. मग मुलांच्या लक्षात येतं की या कोड्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालात आहे आणि वादाची दुसरी बाजू तेलंगणात आहे. ती बाजू ऐकायची तर वर्गात मागच्या बाकावर बसणारा, घरी तेलुगू बोलणारा मुलगा पुढे हवा. संघनायक त्याला पुढे करतो. हे मास्तरनं सांगून झालं असतं तर त्याला काही किंमत नव्हती.

मुलांनी छोटी कामं करून पैसे मिळवायच्या 'खरी कमाई'चंही तेच. कार्डावर काका वीस रुपये लिहून सही करतात, अंगण झाडलेलं नसतं. कार्डं किती भरली एवढंच विचारणारा मास्तर स्वतःच्या हातानं मुलांना खोटं शिकवतो.

सोपवणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं, असा अर्थ कुणी काढू नये. गोदावरीचं पाणी कुठल्याही संघनायकावर सोपवायचं नसतं. कुणाला पोहता येतं, कुणाला दमा आहे, पालकांची संमतीपत्रं आली का, मुलींबरोबर गाईड कॅप्टन आहे का, परतताना डोकी मोजली का, हे मास्तरचं, पूर्णपणे मास्तरचं काम आहे. जिवाची जोखीम त्यानं स्वतःकडे ठेवायची आणि चुकण्याची मोकळीक मुलांना द्यायची. वाट चुकली, भात करपला, तर गप्प राहायचं. हे गप्प राहणं कवायतीपेक्षा कितीतरी अवघड आहे. शाळेची घंटा झाल्यावर, पगाराचा संबंध नसताना थांबणाऱ्या माणसाकडून आपण ते मागतो, याची जाणीव मला आहे. तरीही मागायला हवं.

संघनायकांच्या बैठकीला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. मास्तर तिथं सल्ला देतो, मत देत नाही. ही बैठक किती शाळांत खरोखर भरते? पथकाची तपासणी करायला येणारे गणवेश, सलामी आणि नोंदवह्या पाहतात. त्यांनी एखाद्या संघनायकाला बाजूला घेऊन विचारावं, की गेल्या वेळी सरांना पटलं नव्हतं असं तुम्ही काय ठरवलं आणि सरांनी ते होऊ दिलं का.