धाप, धडधड आणि साक्षी

चिंतेची लक्षणे सांगताना पातंजल योगसूत्रांच्या समाधिपादाने केलेले निरीक्षण आजच्या मानसोपचारालाही परके वाटू नये असे आहे. चित्त विखुरले की दुःख आणि खिन्नता तर येतातच, पण त्यांच्यासोबत अंगाचा कंप, ज्याला तेथे अंगमेजयत्व म्हटले आहे, आणि श्वासोच्छ्वासाचा बिघडलेला क्रमही येतो, असे हा ग्रंथ सांगतो. म्हणजे अस्वस्थतेची निम्मी लक्षणे तो थेट शरीरात दाखवतो. नियमित धावण्याने मन निवते, या अनुभवाचा तात्त्विक विचार येथूनच सुरू करावा लागतो, कारण त्यावरचा पहिला आक्षेप असा असतो की घाम गाळून मिळणारी शांती ही निव्वळ शरीराची शिथिलता असून साधनेच्या विचारात तिला स्थान नाही.

सांख्य दर्शन मान्य केले तर हा आक्षेप फार काळ टिकत नाही. मन, बुद्धी आणि अहंकार यांना सांख्यांनी प्रकृतीचेच, म्हणजे अचेतन सृष्टितत्त्वाचे, विकार मानले असून चैतन्य केवळ पुरुषाचे आहे, आणि हा पुरुष कर्ता नसून साक्षी आहे. देकार्तने सतराव्या शतकात मन आणि शरीर ही दोन भिन्न द्रव्ये ठरवल्यावर, एकाने दुसऱ्यावर परिणाम करावा तरी कसा, हा जो पेच युरोपीय तत्त्वज्ञानापुढे उभा राहिला, तो सांख्यांपुढे त्या रूपात उभाच राहत नाही. धावताना शरीरात तयार होणाऱ्या एंडॉर्फिन किंवा एंडोकॅनाबिनॉइड या द्रव्यांमुळे प्रसन्नता येते असे कोणी सिद्ध केले, तरी प्रकृतीच्या एका अंगाने दुसऱ्याला शांत केले, एवढेच त्यातून निष्पन्न होते. अर्थात परिणामाची अतिशयोक्तीही करू नये: व्यायाम आणि नैराश्य यांविषयीच्या प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेने 2013 मध्ये घेतलेला आढावा लाभ मान्य करतो, पण केवळ काटेकोर प्रयोग विचारात घेतल्यास तो लाभ लहान दिसतो, असेही सांगतो. तीव्र आजारात मनोविकारतज्ज्ञाची जागा धावण्याने भरून निघत नाही.

रसायनांपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. छातीत धडधड, धाप, घाम, पायांत कंप ही चिंतेच्या झटक्याची लक्षणे आणि चढावर धावणाऱ्या निरोगी माणसाची अवस्था बाहेरून जवळजवळ सारखीच असते. भावना आधी आणि शारीरिक बदल नंतर, हा रूढ क्रम विल्यम जेम्सने 1884 मध्ये उलटा मांडला. शरीरातील बदलांची जाणीव म्हणजेच भावना, असे त्याचे म्हणणे होते. ते शब्दशः खरे मानले तर प्रत्येक धावपटू भयभीत असायला हवा, आणि तो तसा नसतो. तेव्हा धडधड आणि भय यांच्यामध्ये काहीतरी तिसरे असले पाहिजे. वेदान्त्यांनी ज्याला अध्यास म्हटले, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा आरोप, तो येथे नेमका लागू पडतो. चिंताग्रस्त मनुष्य हृदयाच्या ठोक्यावर मृत्यूचा आरोप करतो, जसा अंधारात दोरीवर सापाचा व्हावा. जो रोज स्वेच्छेने ती धडधड निर्माण करतो आणि थांबल्यावर ती ओसरताना पाहतो, त्याच्या ठिकाणी हा आरोप हळूहळू सुटत जातो, आणि साक्षीभाव, म्हणजे घडणाऱ्याकडे त्यात न गुंतता पाहण्याची वृत्ती, ग्रंथाविना त्याच्या परिचयाची होते.

येथे ‘स्वेच्छेने’ ही अट टाळता येत नाही. शिरूर तालुक्यातील न्हावऱ्याला घोडगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अशा कारखान्यांच्या परिसरात उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या तोडणी मजुराचे शरीर कोणत्याही हौशी धावपटूपेक्षा अधिक झिजते, पण उचल फेडण्याची त्याची चिंता त्या श्रमाने कमी होत नाही. श्रम तेवढेच, किंबहुना जास्त. परंतु ते थांबवण्याची मुभा नाही. तप आणि कष्ट यांतील अंतर शरीराच्या थकव्यात सापडत नाही, हे अशा ठिकाणी स्पष्ट होते, आणि धावण्याचा उपदेश सर्वांना सरसकट करणाऱ्यांनी ते ध्यानात घेतलेले बरे.

न्हावऱ्याहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता दौंड तालुक्यात चौफुल्याला पुणे–सोलापूर महामार्गाला मिळतो, आणि यवतहून वरवंडकडे जाणारी तुकोबांची पालखी याच महामार्गाने पुढे सरकते. वारीत चालण्याला जेवढे स्थान आहे तेवढा धावण्याचा विचार होत नाही, ही उणीवच म्हणावी लागेल. इंदापूर तालुक्यातील बेलवाडीच्या गोल रिंगणात अश्वांबरोबरच पताकाधारी आणि डोईवर तुळस घेतलेल्या स्त्रियाही धावतात. ज्ञानेश्वरांच्या पालखीमार्गावर वेळापूरनजीक ‘धावा’ होतो, कारण तुकोबांना तेथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. या धावण्यात कोणी वेळ मोजत नाही आणि पहिला–दुसरा ठरत नाही, शिवाय ते एकट्याचेही नाही. तरी मनावर त्याचा जो परिणाम होतो त्याला वारकरी आनंदच म्हणतो.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांचे धावणे याच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकड्यांचे वास्तव्य असल्याने वर्दीचे आकर्षण या पट्ट्यात समजण्यासारखे आहे. मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते, गुण सेकंदांवर मिळतात, आणि जे धावणे चिंता शमवते तेच येथे चिंतेचे कारण होते. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे अनावर असल्याची तक्रार अर्जुन करतो, तेव्हा श्रीकृष्ण अभ्यासाबरोबर वैराग्यही सांगतात, आणि पतंजलींनीही हीच जोडी सांगितली आहे. अभ्यास म्हणजे दीर्घकाळ अखंड केलेला प्रयत्न, वैराग्य म्हणजे फळाच्या तृष्णेपासून मोकळीक. पहिला भरतीच्या मैदानावर भरपूर असतो, दुसऱ्याला तेथे जागाच नसते. खुल्या प्रवर्गातील उमेदवाराची वयोमर्यादा 28 वर्षांची आहे, आणि ती ओलांडल्यावर धावणे सोडून देणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण ते त्याचे साधन होते. मात्र निवड न होताही जो त्यानंतर पहाटे घड्याळाविना धावत राहतो, त्याच्या धावण्याचा विचार करताना योगसूत्रांची परिभाषा वापरणे अस्थानी ठरणार नाही.