उत्तर आणि आकलन

किल्ली फिरविली असतां कुलपाच्या आंत काय घडतें, हें आपणांस ठाऊक आहे असें आपण सारेच समजतों. मींही संगणकाच्या पडद्यावर तें पाहिलें. किल्लीचे दांते आंतल्या खिट्या नेमक्या उंचीवर उचलीत होते, आणि शंका विचारावी तों उत्तर सिद्ध! मोठ्या समाधानानें तेंच कुलूप कागदावर काढावयास बसलों; अर्धी आकृतीही उतरेना.

सन २००२ मध्यें रोझेनब्लिट व कील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं हाच भ्रम प्रयोगानें दाखविला. कुलूप, शिवणयंत्र इत्यादि वस्तु आपणांस चांगल्या समजतात असें लोक प्रथम म्हणाले. त्यांचें कार्य सविस्तर लिहावयास लाविल्यावर त्यांनीं आपणच तो अंदाज खालीं आणिला.

आमच्या जालन्यांत भंगार वितळवून लोखंडी सळ्या करणारे कारखाने आहेत. तेथें तापल्या सळईपुढें हा भ्रम एखाद्याचा हात घेईल. अमेरिकन आरमारासाठीं १९८० नंतरच्या दशकांत ‘स्टीमर’ नांवाची संगणकयोजना झाली. तींत शिकाऊ मनुष्य बाष्पयंत्राच्या झडपा पडद्यावर उघडी, व चुकला तरी कोणी भाजत नसे. ही सोय थोर खरी. परंतु ज्यास आपलें अज्ञान दिसूंच दिलें नाहीं, त्यास आपण फसविलें, मग सांगितलेलें प्रत्येक वाक्य खरें कां असेना! म्हणून यंत्रानें आधीं ‘तूं सांग’ म्हणावें आणि विद्यार्थी अडखळल्यास थोडें थांबावें. (आम्हां प्राध्यापकांस तरी हें कोठें साधतें?) अडचण इतकीच कीं, त्या मौनास कंटाळून तो तत्काळ उत्तर देणारें दुसरें यंत्र उघडील.