कमी पौंडांचंच धनुष्य घे

अमरावती

चि. भाच्यास,

तुझं पत्र आणि सोबतचे कंपाउंड धनुष्यांचे फोटो मिळाले. एकाच दमात तू दोन गोष्टी विचारल्यास. पोरीला तिरंदाजी शिकायची आहे, तर तिला झेपेल असं कमी पौंडांचं कंपाउंड कोणतं घ्यावं? आणि अमेरिकेत लोक चाळीस पौंडांच्या धनुष्यानं हरीण पाडतात, मग तेच धनुष्य रात्री आपल्या तुरीत शिरणाऱ्या कळपावर चालेल का? दुसऱ्याचं उत्तर आधी देते, म्हणजे पहिल्यावर निवांत बोलता येईल.

हरणावर बाण चालवायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्याच्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे, आणि शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे, मारण्याचा प्रयत्नही त्यात मोडतो. त्याच कायद्यात शस्त्र कशाला म्हणायचं ते सांगताना बंदुकीबरोबर धनुष्यबाणाचाही उल्लेख आहे. काळवीट तर पहिल्या अनुसूचीतला प्राणी, त्याच्यासाठी तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास. तुझं शेत अकोटकडे, वर नरनाळा आणि मेळघाटची अभयारण्यं. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन पाऊल टाकणं हाच गुन्हा आहे. म्हणून सरावाला जाताना त्या बाजूच्या रानातून वाट काढायची नाही, धनुष्य पेटीत बंद असलं तरी नाही.

अमेरिकेतल्या शिकारीचं तू लिहिलंस ते खोटं नाही, पण अर्धं आहे. कंपाउंड धनुष्य जन्मलंच हरणाच्या शिकारीतून. मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन यांना साध्या धनुष्याचा बाण हरणासाठी हळू वाटायचा. त्यांनी टोकांना चाकं बसवून पाहिली आणि १९६९ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आज तिथल्या बऱ्याच राज्यांत हरणासाठी किमान ३० ते ४० पौंड ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ओढण्याचा भार, लागतो, परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो. आणि चाळीस पौंडांवर शिकार करणारा जाणता माणूस जड बाण वापरतो, त्याला उघडझाप न होणारं स्थिर पात्याचं धारदार टोक लावतो, वीस यार्डांच्या पलीकडे दोरी सोडत नाही आणि जनावर आडवं उभं राहीपर्यंत थांबतो. यातलं एक चुकलं तर बाण पोटात अडकलेलं हरीण कितीतरी वेळ तडफडत फिरतं. रात्रीच्या अंधारात, बॅटरीच्या उजेडात, पळत्या कळपावर यातलं काहीच साधणार नाही. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी मी तुला हे करू दिलं नसतं.

तुझं नुकसान मला दिसत नाही असं समजू नकोस. सोयाबीन गेलं, आता तूरही कुरतडली जातेय, आणि थंडीत जागल करणाऱ्याचे हाल मला ठाऊक आहेत. सकाळी नुकसान दिसलं की त्याच दिवशी वनरक्षकाला कळव, फोटो काढ, पंचनामा करून घे, भरपाईचा अर्ज कर. रोही आणि रानडुकराच्या बाबतीत परवानगीची वेगळी वाट आहे, पण ती अधिकाऱ्याच्या लेखी हुकमानेच. कुंपणाला सौर झटका मशीन लाव. वीज कंपनीची लाईन तारेत कधीही सोडू नकोस. त्यानं माणसं मेली आहेत.

आता पोरीचं.

कमी पौंड मागितलेस ते अगदी बरोबर केलंस. दुकानदार म्हणेल, "ताई लहान आहे, वाढेल, चाळीसचंच घ्या." ऐकू नकोस. त्याचा हिशेब असा असतो की कंपाउंडला लेट-ऑफ असतो, मग पौंड जास्त असले म्हणून काय बिघडलं? लेट-ऑफ असतो हे खरं. दोरी मागे ओढताना मध्यावर सगळा भार येतो, मग चाकं फिरतात आणि शेवटी ६५ ते ८० टक्के भार उतरतो. चाळीस पौंडांच्या धनुष्याला ७५ टक्के लेट-ऑफ असेल तर नेम धरताना हातावर फक्त दहा पौंड राहतात. बिनचाकांच्या रिकर्व्ह धनुष्यात ही सवलत नाही. पण तो मधला भार प्रत्येक बाणाला पार करावाच लागतो. स्पर्धेच्या पात्रता फेरीत ७२ बाण असतात. चाळीस पौंडांनी ७२ वेळा ओढलं की २,८८० पौंड होतात, म्हणजे तेरा क्विंटल. अठ्ठावीस पौंडांवर तेच नऊ क्विंटलांच्या आसपास येतं. तुला क्विंटल कळतो. तेरा वर्षांच्या खांद्याला रोज चार क्विंटल जास्त उचलायला लावायचे का ते तूच ठरव. शिवाय सरावाचे बाण वेगळे.

माझ्या मते तिनं वीस-बावीस पौंडांपासून सुरुवात करावी आणि वर्षभरात अठ्ठावीस-तीसपर्यंत जावं. पौंड जास्त होतात की नाही हे ओळखायची जुनी रीत आहे. तिला खुर्चीवर बसव, पाय जमिनीवरून उचलायला लाव आणि धनुष्य टार्गेटच्या सरळ रेषेत ठेवून दोरी ओढायला सांग. धनुष्य आकाशाकडे उचलल्याशिवाय, पाठ मागे वाकवल्याशिवाय दोरी मागे येत नसेल तर पौंड जास्त आहेत. मग पूर्ण ओढून तीस सेकंद धरायला सांग. डाव्या हाताचा खांदा कानाकडे चढायला लागला की थांबव. आकडा कंपनीच्या पत्रकात शोधू नकोस, तिच्या खांद्यात शोध. दोन्ही वेळा आपल्या सरावाच्या मैदानातलं धनुष्य वापर, आणि ओढलेली दोरी हळूहळूच पुढे आणायला शिकव. बाण न लावता दोरी सोडली तर सगळा जोर बाणात जायच्या ऐवजी धनुष्याच्या अंगात जातो. पाती तडकतात, दोरी सुटते, डोळ्याला लागू शकतं. घरी आलेल्या पाहुण्याच्या हाती धनुष्य देऊ नकोस, कितीही मागितलं तरी.

पौंडांहून मोठी गोष्ट मापाची आहे. कंपाउंडला ड्रॉ लेंथ ठरलेली असते. चाकं तिथेच थांबतात, पुढे ओढताच येत नाही. दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंचांत माप घे आणि अडीचनं भाग. साठ इंच आलं तर चोवीस. हा अंदाज आहे, अर्धा-एक इंच इकडेतिकडे मैदानावर ठरेल. पण मोठं घेतलं तर तिचं कोपर आणि मान कायमची वाकडी बसेल, आणि लागलेली सवय मोडणं शिकवण्यापेक्षा जड जातं. म्हणून असं धनुष्य घे ज्याची ड्रॉ लेंथ मॉड्यूल सरकवून वाढवता येते, ज्याचे पौंड पातींच्या बोल्टवर कमीजास्त होतात. वरचा बोल्ट जेवढा फिरवला तेवढाच खालचा फिरवायचा. पत्रकात लिहिलेल्या फेऱ्यांपेक्षा एकही जास्त सैल करायची नाही.

तू पाठवलेल्या फोटोंतली निम्मी धनुष्यं शिकारीची आहेत: तीस इंचांच्या आसपासची, झाडावरच्या मचाणात बसून चालवायला आखूड केलेली. टार्गेटचं धनुष्य लांब असतं, स्थिर राहतं. तिच्या ड्रॉ लेंथला बत्तीस ते चौतीस इंचांचं बरं. आणि वजन काट्यावर बघ. रिकामं धनुष्य दीड-दोन किलोचं, वर साईट आणि स्टॅबिलायझर. डाव्या हाताला खरी थकवणारी गोष्ट ही आहे, ओढण्याचे पौंड नव्हेत. दुकानातला पोरगा हे सांगणार नाही.

जेनेसिस म्हणून एक धनुष्य मिळतं, १० ते २० पौंडांचं, त्याला लेट-ऑफच नाही, म्हणून ड्रॉ लेंथचं बंधनही नाही. शाळेत दहा पोरांना एका धनुष्यावर शिकवायला उत्तम. एकट्या मुलीनं पुढे खेळायचं असेल तर त्यावर पैसे घालवू नकोस. खरं तर पहिला हंगाम तिनं बांबूच्या धनुष्यावर, इंडियन राऊंड या देशी प्रकारात काढावा असं माझं मत आहे. पाठीनं ओढायचं कसं हे बांबू शिकवतो, चाकं ते लपवतात.

बाण धनुष्याबरोबर फुकट मिळतात म्हणून घेऊ नकोस. पौंडाला निदान पाच ग्रेन वजन हवं. त्याहून हलका बाण म्हणजे जवळजवळ रिकामी दोरी सोडणं. दोरी बोटांनी नाही, रिलीज नावाच्या खटक्यानं सोडायची, आणि सुरुवातीला मनगटाला पट्टा असलेला रिलीजच बरा, हातातून निसटत नाही. जुनं धनुष्य मिळत असेल तर पातींवर नख फिरवून तडा बघ, दोरीचे धागे उसवले आहेत का बघ, आणि दोरी बदलायचा प्रेस जवळपास कुणाकडे आहे ते विचार.

कंपाउंड म्हणजे शिकारीचं खेळणं, असं तुझ्या बाबांना वाटत असेल तर त्यांना हे वाचून दाखव. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवले. पंधराच्या पंधरा बाण, पन्नास मीटरवरून, आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं शांघायला नेदरलँड्सच्या माईक श्लोसरला १४९–१४८ असं हरवलं. साताऱ्याच्या सरडे गावचा प्रवीण जाधव याच अमरावतीत क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि रिकर्व्ह घेऊन टोकियो ऑलिंपिकला गेला. २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आहे. पुरुषांत अव्वल खेळाडूसुद्धा नियमानं साठ पौंडांच्या वर जाऊ शकत नाही. जोराची शर्यत नाही ही.

पैसे आत्ताच भरू नकोस. तिच्या पसरलेल्या हातांचं माप, उंची, आणि ती उजव्या डोळ्यानं नेम धरते की डाव्या, एवढं कळव. डोळ्याचं असं बघ: दोन्ही डोळे उघडे ठेवून तिला बोटांच्या फटीतून भिंतीवरचं कॅलेंडर बघायला सांग, मग एकेक डोळा मिटायला लाव; जो डोळा उघडा असताना कॅलेंडर जागेवरून हलत नाही तो तिचा नेमाचा डोळा. डावा निघाला तर डाव्या हाताचं धनुष्य मागवावं लागतं, त्याला वेळ लागतो. पुढच्या रविवारी तिला घेऊन इकडे ये. सकाळी सातला मैदानावर भेटू, ऊन चढायच्या आत चार-पाच धनुष्यं ओढून पाहील.

तुझी मावशी