शिवीची किंमत कोण मोजतं?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात सौंदाळा हे लहानसं गाव आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला : आईबहिणीवरून शिवी दिली, तर ५०० रुपये दंड. अशा ठरावावर पहिला आक्षेप ठरलेलाच असतो. राग आला तर माणसानं करायचं काय? शिवी हीसुद्धा अभिव्यक्तीच ना? पोटात एक आणि ओठांवर एक ठेवण्यापेक्षा मन मोकळं केलेलं काय वाईट? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. त्यात तथ्य आहे आणि ते आधी मान्य केलं पाहिजे.

शिवीनं माणसाला बळ येतं, हे प्रयोगांतही दिसलं आहे. ब्रिटनमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना बर्फासारख्या गार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. शिवी देत राहिलेल्यांना ती कळ जास्त वेळ सोसता आली. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट समोर आली. ज्यांच्या तोंडी रोजच शिव्या असतात, त्यांना हा आधार कमी मिळतो. उठता-बसता हासडलेली शिवी ऐन वेदनेत फारशी कामाला येत नाही.

आपल्या परंपरेनंही शिवीला जागा ठेवली आहे. शिमग्याला बोंब मारायची मुभा असते. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी 'बोरीचा बार' भरतो. सुखेड आणि बोरी या दोन गावांतल्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. एरवी ज्यांनी खालमानेनं वावरायचं, त्या त्या दिवशी गळा मोकळा सोडतात. इथे दोन्ही काठ बरोबरीचे आहेत. देणारी तीच घेणारीही आहे.

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह १९७२ मध्ये आला, तेव्हा कामाठीपुऱ्याच्या वस्तीतली भाषा पांढरपेशा वाचकाच्या अंगावर आली. ती भाषा धुऊन-पुसून घेतली असती, तर तिथल्या माणसांचं जगणंच खोटं पडलं असतं. ज्याला समाजानं नरकात ढकललं, त्यानं तक्रार मात्र मवाळ शब्दांत करावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. सर्वोच्च न्यायालयानंही मार्च २०२४ मध्ये 'कॉलेज रोमान्स' या वेबमालिकेच्या खटल्यात स्पष्ट केलं, की भाषा शिवराळ आहे एवढ्यानं ती अश्लील ठरत नाही. पण गुन्हा ठरत नाही म्हणून एखादी गोष्ट योग्य ठरते असं नाही. योग्य-अयोग्याचा निवाडा ज्याचा त्यालाच करावा लागतो.

त्यासाठी मला एकच कसोटी पटते. राग माझा, तोंड माझं. पण या शिवीची किंमत कोण मोजतं?

भर चौकात रिक्षाचा आरसा मोटारसायकलच्या हँडलला लागून फुटतो. दोन पुरुष उतरतात आणि एकमेकांच्या आयांचा उद्धार सुरू होतो. भांडण आरशाचं आहे. ज्या दोघींच्या नावानं ते चाललंय, त्यातली एक घरी भाकऱ्या थापत असेल, दुसरी कदाचित हयातही नसेल. मोटारसायकलवरून उतरलेली बायको ओढणी सारखी करत दुसरीकडे बघते. तिचं बोट धरलेलं पोर मात्र टक लावून ऐकतं. फुटलेल्या आरशाच्या भांडणात बाईचं शरीर वापरता येतं, हा धडा त्याला तिथे मिळतो. पुरुषाला दुखवायचं तर त्याच्या घरातल्या बाईवर घाव घालायचा, कारण ती त्याच्या मालकीची, हाच हिशेब या शिव्यांच्या मुळाशी आहे. आज मुलीही त्याच शिव्या बिनदिक्कत देतात आणि त्याला बरोबरी म्हटलं जातं. बोलणारं तोंड बदललं, तरी नेम अजून बाईवरच धरलेला आहे.

दुसरी गोष्ट उतरंडीची. साहेब शिपायाला, मुकादम मजुराला, मालकीण मोलकरणीला तोंडाला येईल ते बोलते, तेव्हा ऐकणाऱ्याला उत्तर देता येत नाही. दिलं तर रोजी जाते. तिथे मन मोकळं होण्याची सोय एकालाच असते. जातीवरून दिलेल्या शिवीत तर शतकानुशतकांचा अपमान एका शब्दात पुन्हा केला जातो. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा १९८९ चा कायदा चारचौघांत जातीवरून केलेल्या शिवीगाळीला गुन्हा मानतो, तो उगाच नाही.

आणि शिवीतून माणूस खरोखर व्यक्त होतो का? त्या रिक्षावाल्याला सांगायचं होतं, की या आरशापायी आजची कमाई गेली. मोटारसायकलवाल्याच्या काळजात धस्स झालं होतं, पोराला लागलं असतं तर? दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही बोलल्याच गेल्या नाहीत. दोघांच्या तोंडी आले ते पिढ्यान्‌पिढ्या वापरून उष्टे झालेले शब्द. त्यांत ना याची चिंता होती, ना त्याची भीती.

सौंदाळा ज्या तालुक्यात आहे, त्याच नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेचं निरूपण केलं. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलं आहे : बोलणं दुसऱ्याला न डिवचणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं. त्यात खरेपणाची अट आहे, हे विसरता येत नाही. अन्याय दिसत असताना गोड बोलून वेळ मारून नेणारा त्या कसोटीवर शिवी देणाऱ्याइतकाच नापास होतो.

पाचशे रुपयांच्या दंडानं राग संपणार नाही, संपूही नये. त्या ठरावाचं मोल वेगळं आहे. ज्या बाया भांडणात नसतात आणि तरीही भांडणात ओढल्या जातात, त्यांची बाजू एका गावानं घेतली. तेवढं आपल्या प्रत्येकाला दंडाविनाही करता येईल. राग बोलून दाखवावा, अन्यायाविरुद्ध तर चढ्या आवाजात बोलावा. पण त्याची किंमत बोलणाऱ्यानं स्वतः मोजावी. समोर नसलेल्या बाईकडून किंवा उलट बोलू न शकणाऱ्या माणसाकडून ती वसूल करण्याचा हक्क कुणालाही नाही.