पाहुणा आणि पाहणे

पोटापाण्यासाठी परक्या गावी काही महिने राहावे लागले, तर त्या गावावर आपला अधिकार किती आणि त्याचे आपल्यावर ऋण किती? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. आपल्या घरांतील कितीतरी माणसे आखाती देशांत, बोटींवर, परप्रांतांत अशीच राहतात. सुट्टी मिळाली की गाव पाहायला निघतात, छायाचित्रे काढतात, घरच्यांना वर्णने ऐकवतात. त्यात वावगे ते काय? मलाही तसेच वाटत असे. खुलताबादेतील एका उन्हाळ्याने ती समजूत डळमळीत केली.

तीसेक वर्षांपूर्वी एका संस्थेच्या मृदसंधारणाच्या कामावर मी हिशेब ठेवायला तिथे गेलो होतो. औरंगाबादहून (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) दौलताबादमार्गे घाट चढून गेले की पंचवीसेक किलोमीटरवर हे जुन्या वेशींचे लहानसे गाव लागते. वसईच्या वाडीत, विहिरीच्या रहाटाचा आवाज ऐकत वाढलेल्या मला ते उघडेबोडके डोंगर प्रथम परके वाटले. मजूर टेकडीच्या उतारावर चर खणत. त्यांची लांबी, रुंदी, खोली फितीने मोजायची, हजेरीपटावर चढवायची आणि त्यावरून बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मजुरी वाटायची, एवढेच माझे काम. उरलेला वेळ माझा होता आणि पाहण्यासारखे तर पावलोपावली होते.

या गावाचे जुने नाव रौझा. सुफी संतांच्या दर्ग्यांनी ते भरलेले आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब इथे विसावले, त्यांच्याच दर्ग्याच्या आवारात पहिला निजाम आसफजाह आहे, आणि गावातच निद्रिस्त भद्रा मारुतीला भाविकांची रीघ लागते. औरंगजेब १६८१ च्या सुमारास दख्खनेत उतरला तो पुन्हा उत्तरेला परतला नाही. १७०७ साली अहमदनगरजवळ त्याचा अंत झाला आणि त्याच्या इच्छेनुसार त्याला इथे, शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरले. एवढ्या मोठ्या बादशहाची कबर, पण वर छप्पर नाही. मातीत सब्जाचे रोप. (२०२५ साली या कबरीवरून केवढे वादळ उठले, तेव्हा मला ते रोपच आठवत होते.) पाव शतकाहून अधिक काळ तो या मुलखात राहिला, मुलूख जिंकत राहिला. पण मुक्काम लांबला म्हणून माणूस तिथला होतोच असे नाही, हे त्या कबरीपाशी उभे राहिले की उमजते.

माझा जीव मात्र जडला तो मलिक अंबरच्या कबरीवर. हबश देशात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. तिथे नहर खोदून पाणी आणले. जमिनीची प्रत आणि पीक पाहून धारा ठरविणारा म्हणून रयतेने त्याची आठवण ठेवली. १६२६ साली तो वारला. गावाबाहेरच्या त्या घुमटाखाली मी कितीदा गेलो असेन!

अशाच एका दुपारी तासाभरात परततो असे सांगून मी निघालो. दिवस मजुरी वाटण्याचा होता. घुमटाच्या सावलीत बसून मी वहीत नक्षीची चित्रे काढू लागलो आणि भान हरपले. टेकडीवर पोचलो तेव्हा अंधारून आले होते. चर मोजता आले नाहीत, मजुरी निघाली नाही. दुसऱ्या दिवशी ती माणसे बाजारात गेली ती रिकाम्या हाताने, उधारीवर तेल-मीठ आणायला. टोपली डोक्यावर घेऊन निघालेली एक आक्का माझ्यापाशी थांबली. तिच्या स्वरात राग नव्हता.

"झालं का भाऊ बघून? आमचं मोजायचं राहिलं."

पुढल्या रविवारी शहरात मिस्सेला गेलो. प्रायश्चित्त संस्कारासाठी रांगेत उभा राहिलो आणि दोनदा रांग सोडली. चोरी केली नव्हती, लबाडी केली नव्हती. कुतूहलाला पापाच्या यादीत कुठे बसवावे ते समजेना. संत थॉमस अक्वायनस यांनी ते बसवले आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. अभ्यासू वृत्तीला ते सद्गुण मानतात. पण अंगावरच्या कर्तव्यापासून माणसाला दूर ओढून नेणारी जिज्ञासा त्यांच्या लेखी दोष ठरते. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, ही लेवीय ग्रंथातील आज्ञा तर मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती कृपण धनिकांसाठी आहे, चित्रे काढणाऱ्या हिशेबनिसासाठी नाही, असे मी गृहीत धरले होते.

मग काय, पाहूच नये? तसे मला म्हणवत नाही. खाली मान घालून नुसती फीत ओढणारा माणूस त्या गावाशी अधिक प्रामाणिक असतो, हेही मला पटत नाही. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात याजकानेही जखमी माणसाला पाहिले, लेव्यानेही पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. तिघेही वाटसरूच होते, त्या रस्त्यावर कोणाचेच घर नव्हते. डोळ्यांत उणे कोणाच्याच नव्हते. 'पाहुणा' हा शब्द 'पाहणे'वरून आलेला नाही, त्याचे मूळ संस्कृत प्राघूर्णकात आहे असे सांगतात; माझ्या मनात मात्र त्या उन्हाळ्यापासून हे दोन शब्द एकमेकांना चिकटून बसले आहेत. मलिक अंबर कोणकोणत्या मुलखांतून विकला गेला हे मला पाठ होते. ती आक्का कोणत्या वाडीवरून चालत येते, हे मी दोन महिन्यांत विचारले नव्हते.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी मी फीत घेऊन टेकडीवर गेलो. आक्काने दुसरे टोक धरले. मी आकडा मोठ्याने वाचला आणि लिहू लागलो.

"थांबा भाऊ," ती म्हणाली, "परत एकदा मोजा."