पुढच्या विश्वात काय नेता येते?

‘स्टारफील्ड’ या अंतराळातल्या भूमिकाप्रधान खेळात खेळाडू जे काही कमावतो, त्याचा हिशेब शेवटी एका दारापाशी होतो. त्या दाराचे नाव ‘युनिटी’. पलीकडे दुसरे विश्व असते. तिथे काही गोष्टी बरोबर नेता येतात आणि बऱ्याच मागे ठेवाव्या लागतात. नवख्या खेळाडूला मिळणारे बहुतेक सल्ले या वाटणीवरच बेतलेले असतात, देणाऱ्याला ते जाणवो वा न जाणवो. (कथेचा शेवट आधी कळू नये असे ज्याला वाटते, त्याने खेळ पुरा केल्यावर पुढचे वाचलेले बरे.)

बेथेस्डा गेम स्टुडिओजने हा खेळ ६ सप्टेंबर २०२३ रोजी आणला. कथेचा काळ इसवी सन २३३०. पृथ्वी उजाड झालेली आहे आणि माणसे इतर ताऱ्यांभोवती वसली आहेत. हजाराहून अधिक ग्रहांवर उतरता येते. सुरुवातीला खेळाडू व्हेक्टेरा नावाच्या चंद्रावर खाणकामगार असतो. एका गूढ धातुखंडाला त्याचा हात लागतो, त्याला काहीतरी दिसते आणि ‘कॉन्स्टेलेशन’ या शोधकांच्या मंडळीत तो ओढला जातो. न्यू अटलांटिस शहरातले ‘लॉज’ हे त्यांचे ठिकाण.

पहिल्या काही तासांत नवखा हमखास अडकतो तो ओझ्यात. दिसेल ती बंदूक, टेबलावरचा मग, वही, पेन असे सगळे उचलता येते, म्हणून तो उचलत सुटतो. वजनाची मर्यादा ओलांडली की चालतानाही ऑक्सिजन संपू लागतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तब्येत खालावते. यावर नेहमीचा उपाय असा: वजनाला हलके आणि किमतीला भारी तेवढेच घ्यावे, खनिजे आणि सुटे भाग लॉजमधल्या अमर्याद पेटीत टाकावेत, दुकानदाराकडचे क्रेडिट्स मोजकेच असतात, म्हणून विक्रीसाठी ढीग लावू नये. अपरिग्रहाचा उपदेश इतक्या रोखठोक रीतीने क्वचितच कुणाला मिळत असेल. इथे हावरटपणाची शिक्षा पुढच्या जन्मावर सोडलेली नाही, ती पन्नास पावलांत मिळते.

दुसरा सल्ला स्किल्सचा. एकूण ८२ स्किल्स पाच गटांत विभागलेली आहेत: शारीरिक, सामाजिक, लढाऊ, वैज्ञानिक आणि तांत्रिक. प्रत्येक लेव्हलला एक पॉइंट मिळतो, पण पॉइंट हातात असला म्हणून कुठलेही स्किल वर नेता येत नाही. आधीच्या पायरीचे आव्हान पुरे करावे लागते. ‘पायलटिंग’ची पुढची पायरी हवी असेल तर शत्रूची पाच जहाजे पाडावी लागतात, ओझे वाहण्याचे स्किल वाढवायचे तर ओझे घेऊन धावावे लागते. म्हणून आधी आपण खेळतो कसे ते पाहावे आणि पॉइंट तिथेच घालावेत. बूस्ट पॅक (पाठीवरचे उडी घेण्याचे यंत्र) वापरणे, कुलपे उघडणे आणि बोलण्यातून समोरच्याला वळवणे ही तीन स्किल्स बहुतेकांना लवकर उपयोगी पडतात. शेवटचे तर विशेष, कारण त्याने कितीतरी ठिकाणी गोळी न झाडता काम होते.

पात्र घडवतानाच जास्तीत जास्त तीन जन्मजात गुण निवडता येतात, आणि त्यांत श्रद्धेचेही पर्याय आहेत. विश्वात कुठेतरी ईश्वर आहे असे मानणारा ‘सँक्टम युनिव्हर्सम’, ईश्वराला बाजूला ठेवून माणुसकीवर भर देणारे ‘एनलाइटन्ड’ आणि महासर्पाचे उपासक, या तिघांपैकी एकाच घरात वाढता येते. पहिल्या दोन पर्यायांत आपल्या पंथाची भेटवस्तूंची पेटी उघडते आणि दुसऱ्याची बंद राहते. महासर्पाचा पर्याय वेगळा आहे. तो घेतलेल्याला ताऱ्यांमधली उडी मारल्यावर तब्येत आणि ऑक्सिजन काही काळ वाढवून मिळतो, पण उडी वेळच्या वेळी मारली नाही तर दोन्ही घटतात. थोडक्यात, खेळाच्या रचनाकारांनी या एका श्रद्धेला व्यसनाचा आकार दिला आहे. हे चित्रण उथळ वाटते. ३० सप्टेंबर २०२४ला आलेल्या ‘शॅटर्ड स्पेस’ या विस्तारात सर्पपूजकांच्या ग्रहावर राहता येते, तेव्हा त्यांच्या धर्माला निदान घरे, गल्ल्या आणि आपापसांतली भांडणे मिळतात.

सुरुवातीला हाती लागलेल्या त्या खंडासारखे सगळे धातुखंड जमले की युनिटीचे दार उघडते. आत खेळाडूला स्वतःचेच रूप भेटते आणि त्याच्या कृत्यांमुळे मागच्या विश्वात काय काय घडेल ते सांगते. पलीकडे गेल्यावर लेव्हल, स्किल्स आणि प्राचीन मंदिरांतून मिळालेल्या शक्ती टिकून राहतात. जहाजे, पैसे, शस्त्रे, ग्रहांवर बांधलेली ठाणी, मैत्री, लग्न, यांतले काहीही येत नाही. बदल्यात नवे जहाज आणि नवा पोशाख मिळतो. शक्ती एकूण २४, आणि प्रत्येकीला दहा पायऱ्या. त्या चढायच्या तर पुन्हा पुन्हा विश्व बदलावे लागते.

मराठी वाचकाला इथे पुनर्जन्म आठवणे साहजिक आहे, पण तुलना थोड्या अंतरावर तुटते. कर्मसिद्धांतात संचित बरोबर येते. केलेल्याचे फळ चुकत नाही, आणि कसे केले ते बहुधा विसरलेले असते. युनिटीत नेमके उलटे घडते. हात शिकलेले राहतात, आठवणही राहते, पण पापपुण्याची पाटी कोरी होते. ज्याने एका विश्वात शहरभर लूट केली, त्याला दुसऱ्या विश्वात कुणी ओळखत नाही. कौशल्य उरते आणि जबाबदारी गळून पडते. मोक्ष नव्हे हा, फार तर बदली म्हणता येईल.

म्हणूनच ‘मुख्य कथा आधी उरका, ठाणी आणि जहाजे नंतर बांधा, नाहीतरी ती जाणारच आहेत’ हा लोकप्रिय सल्ला तपासून घ्यावा लागतो. हिशेब म्हणून तो बरोबर आहे. पण जे पुढे जात नाही ते व्यर्थ, असे एक गृहीतक त्यात गुपचूप शिरलेले असते. तत्त्वज्ञ डेव्हिड लुईसने १९८६च्या ‘ऑन द प्लुरॅलिटी ऑफ वर्ल्ड्स’ या ग्रंथात मांडले, की शक्य असलेली सगळी विश्वे आपल्या विश्वाइतकीच खरी आहेत. ‘इथले’ आणि ‘तिथले’ हा भेद बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतो. हे मान्य केले तर मागे सोडलेले कॉन्स्टेलेशनमधले सहकारी, सारा मॉर्गन किंवा सॅम को, पुसले जात नाहीत. त्यांच्यापुरते इतकेच घडते, की एक सोबती निघून गेला.

खेळातले पात्र ‘हंटर’ विश्वामागून विश्व तुडवत गेले आहे. त्याला भेटणारी माणसे बदलण्याजोगी वाटतात, कारण पुढच्या विश्वात तीच पुन्हा भेटणार. दुसऱ्या विश्वप्रवाशाला, ‘एमिसरी’ला, हे पटत नाही, पण युनिटीपर्यंत कोणी पोहोचावे हे आपणच ठरवावे असे त्याचे म्हणणे. खेळाडू यांपैकी एकाची बाजू घेऊ शकतो किंवा दोघांनाही नाकारू शकतो. नवख्याने इथे घाई करू नये. दोघांचेही पूर्ण बोलणे ऐकावे आणि निवडीआधी वेगळा सेव्ह ठेवावा.

हंटरच्या शिरस्त्राणाखालचा चेहरा न्यू अटलांटिसमध्ये आधीच पाहिलेला असतो. सँक्टम युनिव्हर्समच्या प्रार्थनागृहातले कीपर अक्विलस म्हणजे तोच माणूस, फक्त एका विश्वात पोहोचल्यावर पुढे जायचे थांबलेला. कथा पुरी करूनही त्याच्यासारखे थांबता येते. युनिटीच्या उंबरठ्यावरून मागे फिरण्याचा पर्याय खेळात दिलेला आहे. तो निवडला की जहाज, ठाणी, सोबती आणि लॉजमधली ती भरलेली पेटी जागच्या जागी सापडते, आणि पुन्हा जावेसे वाटेपर्यंत दार बंद होत नाही.